आमच्या हिचे न भाजणारे हात

काष्टीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरमधली जळालेली मोटर लोक टेम्पोत घालून आणतात, मी आतली जळकी तार उपसून नवी भरतो आणि मोटर परत देताना चार शब्द सुनावतो. मोटर आपोआप जळत नाही, माणूस ती जाळतो, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी कुणापासून लपवलेलं नाही. आमची ही म्हणते, "गिऱ्हाईक टिकलंय त्ये तुमच्या हातामुळं, तोंडामुळं न्हाई."

पण हातांचं खरं नाव होतं ते हिच्या, माझ्या नव्हे. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणाऱ्या बायका आमच्याकडे घरोघरी आहेत, त्यात काही विशेष नाही. ही त्याच्या पुढची होती. चुलीतला निखारा बोटांच्या चिमटीत धरून बाजूला सारायची. उकळत्या आमटीचं पातेलं पदर न लावता खाली उतरवायची. लग्नकार्यात बायका पोळ्या लाटताना तव्यापाशी कुणी बसायचं यावरून एकमेकींकडे बघत, आणि ही आली की सगळ्या हुश्श करून पाट सोडत. सांडशी आमच्या घरात होती, पण ती खिळे उपटायला माझ्याकडे असायची.

या हातांची खरी शोभा दिसायची ती हुरड्याच्या दिवसांत. थोरल्या भावाच्या शेतात दर जानेवारीत आम्ही सगळे जमतो. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, ती आगटी. तिच्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसून भाजायची आणि बाहेर काढून हातावर चोळायची, की हिरवे दाणे खाली पडतात. गरम आहे तोवरच चोळावं लागतं. चोळणारा माणूस कणीस या हातातून त्या हातात नाचवतो, फुंकर मारतो, देवाला किंवा शेजारच्याला काहीतरी बोलतो आणि मग कुठे चोळतो. आमची ही नाचवत नसे. निखाऱ्यातून कणीस काढलं, हातात घेतलं, चोळलं, दुसरं घेतलं. पाहुणे खायचे थांबून बघत राहायचे.

"हात न्हाईत त्ये, देवीचं देनं हाय," असं माझी थोरली वहिनी प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगायची. वहिनी सांगणार म्हणजे खड्या आवाजात, तीन शेतांपलीकडे ऐकू जाईल असं. ही मान खाली घालून चोळत राहायची, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. कौतुक तिला आवडायचं. मला तर तिच्याहून जास्त आवडायचं, आणि मी ते तोंडावर न दाखवता लसणाच्या चटणीला नावं ठेवायचो.

मग भाकरीला चिरा पडायला लागल्या. कडेनं भाकरी फाटायची, मध्ये जाड, कडेला पातळ. मी म्हणालो पीठ जुनं झालं, विरी गेली त्याची, चिकटपणा राहिला नाही. तिने पीठ बदललं. मी म्हणालो गिरणीवाला दगडाला टाकी लावून धार काढत नाही, आणि गिरणीवाल्याला जाऊन चार शब्द सुनावून आलो. दुसऱ्या गिरणीतलं पीठ आणलं, तरी भाकरी फाटायचीच. तिच्या हातून कपबशी निसटायला लागली, ब्लाउजचं हूक लावायला वेळ लागायला लागला. एकदा ती शेंगा फोडत बसली होती आणि उन्हात तिच्या उजव्या हाताचा अंगठ्याखालचा उंचवटा मला दिसला. म्हणजे दिसला नाही. जिथे मांस असतं तिथे खळगा होता.

त्या वर्षी हुरडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा देत असताना मी तिच्या तळहातावर फोड पाहिला, चांगला लिंबाएवढा.

"ह्यो कवा आला?"

"काय?" म्हणत तिने हात उलटा करून बघितला. शेजारणीची नवी बांगडी बघावी तशी ती त्या फोडाकडे बघत राहिली. "आगं बाई. कनसानं झालं आसंल."

"दुखत न्हाई?"

"न्हाई वो. माज्या हाताला कुठं काय हुतंय!"

गावच्या डॉक्टरने शुगर तपासली, ती निघाली नाही. ताकदीची इंजेक्शनं झाली. शेवटी त्यानेच नगरची चिठ्ठी दिली, म्हणाला नसांची तपासणी करून घ्या. बोर्डावर आता अहिल्यानगर आहे, एसटीच्या पाटीवरही आहे, पण कंडक्टर अजून "चला नगर, नगर" असंच ओरडतो, आणि आम्ही त्याच्याच गाडीत बसलो.

तपासणीची खोली लहान होती. एक पलंग, एक यंत्र, त्यावर काळा पडदा. तपासणी करणारी बाई हिच्याच वयाची, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने आधी हिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बर्फ झालाय की हो. गार हातात सिग्नल हळू चालतो, रिझल्ट चुकीचा येईल." मला हे पटलं नाही. आमच्याकडे तार थंड असली की करंट चांगला चालतो, तापली की घोटाळा. मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाली, "काका, ही तार नाही, माणूस आहे." तिने गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून हिच्या हाताशी ठेवली आणि बाहेर दुसऱ्या पेशंटचे कागद घ्यायला गेली.

टॉवेल खरखरीत होता. हिने तो काढून बाजूला ठेवला आणि पिशवी तशीच हातांच्या मध्ये धरून बसली, एखादं मांजर धरून बसावं तशी. बाई परत आली, टॉवेल पाहिला, पिशवी उचलली आणि "आई गं" म्हणून खाली टाकली. हिचे दोन्ही तळवे लालभडक झाले होते.

"भाजलं नाही का तुम्हाला?"

"न्हाई," ही म्हणाली, आणि नगरात येऊन पहिल्यांदाच जरा ऐटीत म्हणाली, "माज्या हाताला भाजतच न्हाई. इचारा आमच्या गावात."

बाई हसली नाही. तिने हिच्या हातांवर ओला रुमाल ठेवला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मग तपासणी झाली. बोटांत तारेच्या कड्या घातल्या, मनगटावर दोन टोकांची दांडी टेकवली, आणि टक टक आवाज करत छोटे झटके दिले. प्रत्येक झटक्याला पडद्यावर एक हिरवी लाट उठायची. झटका बसला की अंगठा आपोआप उडायचा. ही आधी घाबरली होती, पण अंगठा उडताना पाहून तिला हसू आवरेना. "आहो, बगा. माजा अंगठा माजं आइकत न्हाई आन् ह्या बाईंचं आइकतोय." बाईसुद्धा शेवटी हसली. मी मात्र पडद्याकडे बघत होतो. हा माझा प्रांत. टेस्ट लॅम्पची दोन टोकं तारेला लावायची, दिवा लागला तर तार सलग आहे, नाही लागला तर मध्ये कुठेतरी तुटली आहे. उभ्या जन्मात मी हेच केलं. आणि इथे लाट उठत होती. दर वेळी, न चुकता, उंच उठत होती.

रिपोर्ट आला. स्पर्शाच्या नसा नॉर्मल, असं त्यात होतं. पुढे हाताच्या स्नायूंबद्दल दोन ओळी होत्या, त्या मी वाचल्या नाहीत. मी तिथल्या तिथे हिला म्हणालो, "चल, भेळ खाऊ. तार सलग हाय तुजी." ही म्हणाली, "मी काय म्हनत हुते?" दोघंही इतके खूश झालो की डॉक्टरांना भेटायचं अजून राहिलंय हे विसरून जिना उतरायला लागलो होतो. त्या बाईने मागून हाक मारून परत बोलावलं.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. मी आत गेल्या गेल्या त्यांना सांगून टाकलं की रिपोर्ट चांगला आहे, काळजीचं कारण नाही. ते म्हणाले, "हो का?" आणि उठून त्यांनी दोन काचेच्या नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. हिला डोळे मिटायला सांगितले.

"काकू, हे काय आहे? गरम की गार?"

"गरम," ही म्हणाली. गार होतं.

"आणि हे?"

ती जरा थांबली. मी घसा खाकरला. मला वाटलं, एकदा खाकरलं तर गरम एवढं तिला कळेल, संसार काय उगाच केला आम्ही? डॉक्टर म्हणाले, "काका, खोकला झालाय का?" पुढचं प्रत्येक उत्तर ही अंदाजाने देत होती, एकदा गरम, एकदा गार, पाढा म्हणावा तसं. मनगटावर, कोपरावर, दंडावर, खांद्यावर, कुठेच तिला कळत नव्हतं. कापसाचा बोळा लावला की मात्र लगेच सांगायची, "हितं लागलं." मग डॉक्टरांनी काही न सांगता गरम नळी तिच्या गालाला लावली.

"आगं बाई!" म्हणत तिने तोंड मागे ओढलं आणि डोळे उघडले. "लई ऊन हाय की वो!"

चटका बसल्यावर तिचा चेहरा असा होतो, हे मी कित्येक वर्षांत पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरांनी माझा धंदा विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, "मग तुम्हाला लवकर समजेल. थ्री फेजच्या मोटरला एक फेज आली नाही तर काय होतं?"

"गुंगुं करती आन् जळती."

"बाकी दोन फेजना टेस्ट लॅम्प लावला तर?"

"लागंल की दिवा."

"तसंच आहे हे. स्पर्शाचा रस्ता वेगळा, चटक्याचा वेगळा. आज आपण हातातली नस आणि स्पर्शाचा रस्ता तपासला, तो चांगला आहे. चटक्याचा रस्ता पाठीच्या मणक्यातल्या मज्जारज्जूच्या अगदी मधून पलीकडे जातो. तिथे, मधोमध काहीतरी दाबतंय. हाताचं मांसही त्यामुळेच झडतंय, ते रिपोर्टच्या खालच्या दोन ओळींत आहे. एमआरआय काढू."

एक फेज गेलेली मोटर तशीच चालू ठेवणाऱ्या किती जणांना मी दुकानात उभं करून झापलं होतं, ते सगळे एकेक करून डोळ्यांसमोर आले.

एमआरआयला नंबर दुसऱ्या दिवशीचा होता. आम्ही भेळ खाल्ली नाही. स्टँडवर बाकड्यावर बसलो, गाडीला वेळ होता. पिशवीने लाल झालेले तळवे आता सुजले होते, म्हणून मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि बघत होतो. एरवी चार लोकांत मी तिचा हात कधी धरलेला नाही, ती पद्धत आमच्यात नाही. तिनेही काढून घेतला नाही.

"कवापासून?" मी विचारलं.

ती समोरच्या गाडीतून उतरणारी माणसं बघत राहिली. मग म्हणाली, "आपली पोरगी धाकली हुती तवापास्नं. आदी वाटलं, हाताला घट्टे पडल्यात. मग येक दिस तिला न्हाऊ घालताना पानी कसं हाय त्येच कळंना. तवापास्नं मी पाय घालून बगायची बादलीत."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगायचं? वहिनी म्हनत्यात देवीचं देनं, समदं गाव म्हनतंय. आन् मी म्हनू, देनं न्हाई, मला कळतच न्हाई म्हनून?" ती थोडी हसली. "तुमी बी पावन्यांना दाखवायचा की माजं हात."

तिने माझ्या हाताखाली असलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं.

"आता बी तुमचा हात हाय, त्ये कळतंय मला. दाबला तर कळतंय. पर ऊन हाय का गार हाय, त्ये न्हाई कळत. लई वरीस झालं, न्हाई कळत."

गाडी लागली. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावले. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो आणि ती गाडी गेली.

एमआरआयच्या फिल्मवर मज्जारज्जू दिसतो तो करड्या दोरीसारखा. हिच्या दोरीच्या आत मानेपासून खाली लांबलचक पांढरी पट्टी होती. मेंदूचा तळाचा भाग जरासा खाली सरकून मानेच्या तोंडाशी अडकला आहे, त्यामुळे पाण्याची वाट अडली आणि ते पाणी दोरीच्या आत पोकळी करून साठलं, असं डॉक्टरांनी समजावलं. आजाराचं नाव सिरिंगोमायलिया. फारसा कुणाला होत नाही म्हणे. मी ते नाव एसटीत घोकत आलो, कुणी विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून. वहिनीने एका दिवसात त्याचं "मानंतलं पानी" केलं, आणि सगळ्यांनी तेच धरलं.

वहिनीला हे सगळं फार लागलं. ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि नेहमीचा खडा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. "म्हंजी देनं न्हवतं गं? रोग हुता?" हिलाच तिची समजूत घालावी लागली. "आसू द्या वहिनी, हुरडा तर चांगला चोळला ना?" वहिनी पदरात तोंड लपवून रडली.

प्रश्न साधा होता. पोकळी वाढत होती. तशीच ठेवली तर हात आणखी लुळे पडणार, पुढे पायही. ऑपरेशन केलं तर वाढ थांबेल, पण गेलेली जाणीव परत येईलच असं डॉक्टर सांगत नव्हते. मानेत, मेंदूच्या दारातच चाकू चालवायचा. मी आठवडाभर हो-नाही करत राहिलो. दुकानात एका मोटरला तार उलटी भरली, पुन्हा उपसली. निर्णय हिने घेतला, भाकरी थापता थापता. फाटलेली कड बोटाने जोडत म्हणाली, "ऊन कळंना तर न कळू द्या. पर हात लुळं पडून बसायचं मला जमनार न्हाई. चला पुन्याला."

पुण्यात ऑपरेशनच्या आधी पुन्हा सिग्नलची तपासणी झाली, या वेळी मोठी. डोक्याला केसांत तारा चिकटवल्या, मनगटावर झटके, आणि ते डोक्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते यंत्र मोजत होतं. मी तिथल्या माणसाला विचारलं, हे परत कशाला? तो म्हणाला, ऑपरेशन चालू असतानाही हे सिग्नल आम्ही बघत असतो, जरा कमी झाले की सर्जन हात थांबवतात. हे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. मीटर लावून काम करणाऱ्या माणसावर माझा भरवसा बसतो. ऑपरेशन चाललं तो सगळा वेळ मी बाहेर बसून मनात ती हिरवी लाट बघत होतो, उठतेय, उठतेय, पडली नाही. शेजारी वहिनी होती. तिच्या मांडीवर डब्याचं गाठोडं होतं, गावाहून करून आणलेल्या भाकऱ्यांचं, आणि ती दर थोड्या वेळाने माझ्यापुढे एक भाकरी धरायची. मी खाल्ली नाही, तिनेही नाही.

हिला शुद्ध आली. पहिलं वाक्य बोलली ते माझ्याशी नाही, वहिनीशी. "माकडानं काय खाल्लंय का?" माकड म्हणजे मी.

घरी आल्यावर नियम सुरू झाले. तव्याला उलथणं, पातेल्याला सांडशी, जी आता मला खिळे उपटायला मिळत नाही. गरम वस्तू हातात घेण्याआधी गालाजवळ नेऊन बघायची, कारण चेहऱ्याला कळतं. सुरुवातीला ती विसरायची आणि मी ओरडायचो. ती म्हणायची, "तुमी हायसा की घरात, थर्मामीटर!" मग चहाचा ग्लास हातात घ्यायच्या आधी ती गालाजवळ न्यायला लागली. आता ते तिच्या अंगात मुरलंय. कुणाच्याही घरी चहा आला की ती ग्लास आधी गालाशी नेते, आणि नवख्यांना वाटतं बाईंची दाढ दुखतेय.

भाकरी ती थापते, मी शेकतो. ऐकून लोक हसतात, हसू देत. पहिल्या दिवशी मी तव्यावरची भाकरी बोटांनी उलटायला गेलो आणि असा किंचाळलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ही पोट धरून हसली. मग एकदम हसायची थांबली आणि विचारलं, "लई लागतं का वो?" मला सांगता येईना. चटका कसा लागतो हे कुणाला कसं सांगायचं? मी म्हणालो, "लागतं थोडं." तिने मान हलवली, जणू ती गोष्ट तिने कधीतरी ऐकली होती आणि आता आठवत नव्हती.

काही महिन्यांनी नगरला पुन्हा गेलो. तीच खोली, तीच चष्मेवाली बाई. या वेळी हाताच्या स्नायूंत बारीक सुई घालून आवाज ऐकायचा होता, नसेचं नुकसान चालू आहे का थांबलं ते कळतं म्हणे. आमच्या हिने सुई पाहिली आणि म्हणाली, "ह्याला तरी मी घाबरनार न्हाई." बाई कान देऊन ऐकत होती, यंत्रातून खरखर यायची, मग शांत. डॉक्टरांनी सांगितलं, नवीन नुकसान नाही. पोकळी लहान झालीय. नळ्या मात्र त्यांनी पुन्हा लावल्या आणि ही पुन्हा चुकली, दंडावर, मनगटावर, तळव्यावर. मी या वेळी खाकरलो नाही. खाली उतरल्यावर आम्ही भेळ खाल्ली. तिखट होती.

यंदाच्या जानेवारीत हुरडा ठरला तेव्हा प्रश्न आला चोळायचं कोण. वहिनी हिच्याकडे बघेना, ही कुणाकडे बघेना. पाहुणे आलेले, आगटी पेटलेली, गूळ-शेंगदाणे वाटून झालेले. मी म्हणालो, सरका, आणि आगटीपाशी बसलो. सगळे बघत राहिले. मोटरवाल्याने हुरडा चोळायचा म्हणजे तमाशाच. पहिलं कणीस काढलं आणि या हातातून त्या हातात नाचवायला लागलो. पुतणे शिट्ट्या मारायला लागले. मी फुंकर मारली, वहिनीच्या शेताला, त्यातल्या ज्वारीला आणि गोवऱ्यांना जे बोलायचं ते बोललो, आणि चोळलं. मग दुसरं. मग चोळतच राहिलो, कारण थांबलो असतो तर पुढचं एक वर्ष मला कुणी जगू दिलं नसतं. दाणे पडत होते, लोक खात होते, आणि माझ्या तळव्यांना खरोखर आग लागली होती.

शेवटी ही उठून माझ्याजवळ आली आणि शेजारी घोंगडीवर बसली. "आना हिकडं," म्हणत तिने माझा उजवा हात ओढून घेतला, उलटा करून बघितला. तळवा लाल झाला होता, अंगठ्यापाशी फोड येत होता. तिने त्यावर फुंकर मारली. अंगठ्याखालच्या त्या खळग्यासकट तिचे दोन्ही हात माझ्या हाताला धरून होते, घट्ट, आधीपेक्षा घट्ट.

"काय कळतंय का?" मी हळूच विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही. उत्तर मला माहीत होतं.

तिने नाही अशी मान हलवली. मग, वहिनी समोर बसलेली, पाहुणे समोर बसलेले, तिने माझा हात उचलला आणि चहाचा ग्लास नेते तसा आपल्या गालाशी नेला. गालावर नीट टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

"ऊन हाय," ती म्हणाली.